बोअरच्या पाण्याचं उत्तर

माझ्या नातीच्या हाताला औषध असतं, म्हणून तिचं उत्तर चुकतं, असं कॉलेजातल्या मास्तरानं चाळीस पोरांसमोर सांगितलं. हे मला कळलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, पाण्यात होते.

नोव्हेंबर सरत आला होता. द्राक्षाचा मणी ज्वारीएवढा झाला की घड बुडवायला घ्यावे लागतात. एका हातात औषधाचा मग, दुसऱ्या हातानं पान बाजूला सारायचं, घड मगात बुडवायचा, झटकायचा, पुढं. एका वेलीला तीस-पस्तीस घड, आणि बाग दीड एकर. तीन दिवसांत उरकलं पाहिजे, कारण मणी काही कुणासाठी थांबत नाही. गावातल्या बायका सांगून ठेवल्या होत्या, त्यातल्या चारजणी दुसऱ्याच्या बागेत गेल्या. म्हणून उरलेल्यांबरोबर मी, सून राणी आणि नात संयोगिता, तिघी पहाटेपासून उभ्या. संयोगिता साडेआठपर्यंत बुडवायची, हात धुवायची आणि कवठ्याची एसटी धरायची. अकरावी सायन्सला आहे. पानावरच्या औषधाचा निळसर डाग बोटांच्या पेरांत बसतो, तो साबणानं जात नाही. माझ्या बोटांचा तर वीस वर्षांत गेलेला नाही.

त्या सोमवारी ती दुपारीच परत आली. दप्तर बांधावर टाकलं आणि औषधाचा मग उचलला.

"आज लौकर सुटलं व्हय गं?" राणीनं विचारलं.

"सुटलं न्हाई. सोडलं."

मी मान वर केली. पोरगी रडलेली नव्हती. रडून झालेलं होतं.

"काय झालं ते नीट सांग," मी म्हटलं. "घड बुडवता बुडवता सांग. दोन्ही कामं व्हत्यात."

तिनं सांगितलं. प्रयोगशाळेत आसिड आणि कॉस्टिकचा प्रयोग होता. चंबूत दहा मिली कॉस्टिकचं पाणी घ्यायचं, त्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे, की पाणी पिवळं होतं. मग वरच्या काचेच्या नळीतनं आसिड थेंब थेंब सोडायचं. ज्या थेंबाला पिवळ्याचं केशरी होईल तिथं थांबायचं आणि किती आसिड गेलं ते वहीत लिहायचं. दोन्हीची ताकद सारखी, म्हणून दहाला दहा लागलं पाहिजे. हिला साडेअकरा लागलं. तिनं पुन्हा केलं, साडेअकरा. तिसऱ्यांदाही साडेअकराच.

"बाकीच्यांचं?"

"समद्यांचं दहा."

"समद्यांचं?"

"सरांनी आधीच फळ्यावर लिवलं हुतं ना, दहा आलं पायजे म्हणून. निम्म्यांनी नळी बघितलीबी न्हाई."

जयराज सर म्हणून तिचा मास्तर आहे, सांगलीचा, तिशीचा असेल. त्यानं हिची वही उचलली, साडेअकरावर तांबडी रेघ मारली आणि म्हणाला, खोडून दहा लिही. ही म्हणाली, सर, मला दहा आलंच न्हाई. त्यानं हिचा हात धरून वर केला, सगळ्यांना दाखवला. म्हणाला, ही बोटं बघा. शेतातलं औषध हाताला लावून आल्यावर रीडिंग बरोबर कसं येणार? हे काम स्वच्छ हाताचं आहे.

"आन् हे दिलं," असं म्हणून तिनं ओल्या बोटांनी कागद काढला. शाखा बदलण्याचा अर्ज होता. सायन्स सोडून आर्ट्सला जायचं, खाली पालकाची सही, शनिवारपर्यंत.

राणीनं मग खाली ठेवला. "आत्याबाई, मी काय म्हणते, आर्ट्समधी काय वाईट हाय? दुपारी घरी येईल. आपल्याला बी हात कमी पडत्यात."

"तू घड बुडव," मी म्हटलं.

मी तिसरी शिकलेय. चौथीत बापानं शाळेतनं काढली, कारण म्हशीला माणूस लागत होतं. तेव्हाही असंच कुणीतरी म्हणालं असेल, हात कमी पडत्यात. माझे हात ती कमतरता भरण्यातच गेले. हिचे जाणार नाहीत.

मुलाचा फोन आला. मानसिंग फौजेत हवालदार आहे, तेव्हा जम्मूकडं होता. राणीनं सगळं सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावला, माझे हात ओले होते म्हणून.

"आई, मास्तर म्हणतोय तर काहीतरी आसंलच की. सर हाय तो. त्यानं बघूनच सांगितलं आसंल."

"बघून न्हाई सांगितलं. हात बघून सांगितलं."

"तू भांडाय जाऊ नको."

"मी कुटं भांडते? तू तिकडं बंदूक धर. इकडचं मी बघते."

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं औषध कालवायचं होतं. बॅरलला दोनशे लिटर पाणी. आमच्या बोअरचं पाणी दिसायला आरशासारखं, प्यायला गोड, पण जीए त्यात टिकत नाही. आधी आसिड घालून पाण्याला वळणावर आणावं लागतं, आसिड तपासायची कागदी पट्टी बुडवली की हिरवी न येता पिवळट आली पाहिजे. आसिड किती घालायचं ते पाण्यालाच विचारायचं. माझी रीत अशी: दहा लिटरची बादली घ्यायची, इंजेक्शनच्या बिनसुईच्या सिरिंजनं आसिड एकेक मिली सोडायचं, काठीनं ढवळायचं, पट्टी बुडवायची. पट्टी पाहिजे त्या रंगाला आली की थांबायचं. बादलीला चार लागलं तर बॅरलला वीस बादल्या, म्हणजे ऐंशी. ही रीत मला कुणी फुकट शिकवली नाही. चार वर्षांमागं आम्ही तसंच, आसिड न घालता, जीए दिलं. मणी वाटाण्याएवढेच राहिले. तेव्हा बागेचा सल्लागार आला, बायकांकडं बोट केलं आणि म्हणाला, या नीट बुडवत नाहीत, हात चोरतात. आठ बायका मान खाली घालून उभ्या. महिन्यानं पाणी तपासून आलं, तेव्हा कळलं की दोष पाण्याचा होता. पण त्या आठजणींना कुणी येऊन सांगितलं नाही, की बायांनो, चुकलं आमचं. मीच घरोघर जाऊन सांगितलं.

मी सिरिंजनं चौथा मिली सोडला, ढवळलं, पट्टी बुडवली, पिवळट आली. संयोगिता बादलीकडं टक लावून बघत होती.

"आज्जी, हे तर तेच हाय."

"काय तेच?"

"आमचा प्रयोग. थेंब थेंब आसिड, रंग बदलला की थांबायचं." ती बादलीवर वाकली. "आज्जी, ह्या पाण्यात कॉस्टिक न्हाई. तरी ते चार मिली आसिड खातं. का?"

"बोअरचं हाय म्हणून. समद्या तालुक्याला ठावं हाय. ड्रिपरच्या तोंडावर पांढरं धरतं, तपेल्याच्या बुडाला धरतं, तेच हाय ते. लय खातं."

"आमच्या चंबूत बी पांढरं आलं हुतं," ती म्हणाली. "दुधाचा थेंब पडल्यावानी. मी सरांना दाखवलं, ते म्हणाले काच नीट धुतली न्हाईस."

मी सिरिंज बाजूला ठेवली. "तुमच्या त्या प्रयोगाला पाणी कुठलं?"

"डिस्टिल वॉटर. मोठा कॅन हाय."

"कॅन भरतं कोण?"

"बिरदेव काका."

बिरदेव आमच्याच गावचा, प्रयोगशाळेत मदतनीस आहे. पोरीनं वही काढली होती आणि बॅरलच्या झाकणावर मांडून आकडे लिहीत होती. ओठ हलवत, मोठ्यानं. आसिडची ताकद गुणिले आसिडचं माप, बरोबर, क्षाराची ताकद गुणिले क्षाराचं माप. बादलीनं खाल्लेल्या चार मिलीवरनं तिनं बोअरच्या पाण्याची ताकद काढली. प्रयोगात कडक बाटल्यांतलं दहा-दहा मिली आसिड आणि कॉस्टिक घेऊन पाणी घालून शंभर करायचं, म्हणजे कॅनात बोअरचं असेल तर वरचं नव्वद बोअरचं. ते कॉस्टिकमध्ये गेलं की त्याचं बळ वाढवतं. आसिडमध्ये गेलं की त्याचं बळ खातं. दोन्हीकडनं.

"एक बाजूचं वजन वाढवायचं आन् दुसरीचं काढायचं," ती म्हणाली. "मग काटा किती झुकंल?" तिनं गुणलं, भागलं, खोडलं, पुन्हा भागलं. मग पेन थांबलं. वही माझ्यापुढं धरली. मला त्यातलं एवढंच वाचता आलं, शेवटचा आकडा. अकरा, टिंब, पाच.

मी त्या आकड्याकडं बघत राहिले. जीव जळाला माझा. पोरगीनं खरं बघितलं, खरं लिहिलं, आणि तांबडी रेघ तिच्यावर.

मंगळवारी आणि बुधवारी एक ओळ सोडून बाग उरकली. कंबर धरून बसायची वेळ आली, पण उरकली. गुरुवारी तिचा पुन्हा प्रयोगाचा तास होता. मी सकाळी तिला म्हटलं, आज शेवटच्या ओळीतले घड राहिलेत, बुडवून जा. ती म्हणाली, आज्जी, हात परत निळं होतील. मी म्हटलं, होऊ देत.

घरात ट्रॅक्टरच्या बॅटरीला घालायचं पाणी असतं, पाच लिटरचा कॅन, सीलबंद. त्याला आम्ही बॅटरीचं पाणी म्हणतो. त्याच्यावर इंग्रजीत लिहिलेलं संयोगितानं वाचून दाखवलं, डिस्टिल वॉटर. तो कॅन घेतला, दुसऱ्या पिशवीत बोअरच्या पाण्याची बाटली आणि पट्ट्यांची डबी घेतली, धुतलेलं इरकल लुगडं नेसले आणि नातीबरोबर एसटीत बसले. कंडक्टर कॅनकडं बघून म्हणाला, मावशी, ॲसिड न्हाई ना? मी म्हटलं, आसिड माझ्या तोंडात हाय, कॅनात पाणीच हाय.

प्रयोगशाळेच्या दारात बिरदेव भेटला. मला बघून उठून उभा राहिला.

"राहीमावशी, तुमी?"

"डिस्टिल वॉटरचा कॅन कुठनं भरतोस रं?"

तो आजूबाजूला बघायला लागला. "मागच्या नळाला. बोअरचं. जूनमधी कॅन संपला. मागणी दिलीया, अजून आला न्हाई. जयराज सर म्हणाले, कॅन रिकामा दिसाय नको, भरून ठेव."

"आन् तू भरलास."

"मावशी, पाणी चांगलं हाय ते. आमी पितो."

"मी बी पिते. पण मी त्यात आसिड घालून बघते."

त्याला कळलं नाही, पण त्याची मान खाली गेली. बिरदेववर मला राग नाही आला. त्याला भरून ठेव म्हणून सांगितलं, त्यानं भरून ठेवलं. ज्याला कळतं त्यानं सांगितलं होतं.

आत चाळीस पोरं टेबलांपाशी उभी होती. जयराज सर फळ्याजवळ. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला बघून तो हसला, चांगलं हसला. माणूस बोलायला गोड होता.

"या आजी. अर्ज आणला का? इथं कशाला आलात, ऑफिसात दिला असता तरी चाललं असतं."

"अर्ज हाय पिशवीत," मी म्हटलं. "आधी एक काम हाय. पोरीला परयोग परत करू द्या. तुमच्यासमोर."

"आजी, तास चालू आहे."

"त्याच तासात करंल ती. वेगळा नगो."

"तिला समजावलंय मी. हातावर केमिकल असतं, त्यानं फरक पडतो. तिची चूक नाही, घरचं वातावरण तसं असतं."

मी नातीचा हात धरला आणि वर केला, त्यानं केला होता तसाच. बोटांच्या पेरांत निळा डाग होता, सकाळचा ताजा.

"हे बघा. धुतला न्हाई. हाच हात. हातात औषध हाय म्हणून रीडिंग चुकतं ना? मग आज बी चुकू द्या. फकस्त पाणी माझं घ्या."

मी कॅन टेबलावर ठेवला. मागच्या बाकावरची दोन पोरं पुढं आली. मास्तर कॅनकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच होतं, पण त्यातलं गोड गेलं होतं. तेवढ्यावरनं मला कळलं. त्याला ठाऊक होतं.

नाही म्हणायला त्याला जागा राहिली नाही, चाळीस पोरं बघत होती. संयोगितानं कडक बाटल्यांतनं दहा-दहा मिली घेतलं, दोन्हीकडं बॅटरीचं पाणी घालून शंभर केलं, हलवलं. नळी भरली. चंबूत दहा मिली कॉस्टिक, रंगाचे दोन थेंब. पिवळं पाणी, आणि आज त्यात दुधाचा थेंब नव्हता, काचेसारखं स्वच्छ. तिनं डाव्या हातानं नळीची कळ धरली, उजव्या हातानं चंबू गोल फिरवायला लागली. घड झटकताना मनगट असंच फिरतं. पाच गेलं. आठ गेलं. नवाच्या पुढं तिनं थेंबावर आणलं. शेवटचा थेंब नळीच्या टोकाला लोंबत होता, तो तिनं काचेला टेकवून घेतला, आणि पिवळ्याचं केशरी झालं.

"वाच," मी म्हटलं. "तू न्हाई. ती दुसरी पोरगी वाचू दे."

साक्षी नावाची पोरगी वाकली, डोळा नळीच्या बरोबरीला आणला. "दहा," ती म्हणाली.

"आता तुमच्या कॅनातलं पाणी घेऊन कर."

तिनं केलं. चंबूत पांढरं धुरकट आलं. सगळ्यांनी बघितलं. दहाला रंग बदलला नाही. अकराला नाही. साक्षी वाकूनच होती, तिनं न विचारता सांगितलं, "अकरा पॉइंट पाच."

मी पट्टी काढली, त्यांच्या कॅनात बुडवली, माझ्या बोअरच्या बाटलीत बुडवली आणि दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही हिरव्या, एकाच आईच्या दोन लेकी.

मास्तर माझ्याजवळ आला, आवाज बारीक केला. "आजी, पाणी मागवलंय मी. जूनपासून येत नाही, मी काय करू? मला माहीत आहे या पाण्यानं दहा येत नाही. म्हणूनच तर सगळ्यांना दहा लिहायला सांगतो. परीक्षेत दहाच बघतात. मुलांचं नुकसान नको."

"तुमाला ठावं हुतं," मी म्हटलं. मी आवाज बारीक केला नाही. "पाणी खोटं हाय हे ठावं हुतं, तरी हात पोरीचा वर केला."

तो फळ्याकडं वळला.

"सर, माझ्या बागंत दोन हजारावर वेली हाईत. एका घडासारखा दुसरा घड न्हाई. हितं चाळीस पोरं, ऐंशी हात, आन् उत्तर एकच. ते बघून तुमाला शंका आली न्हाई. जिचं येगळं आलं तिची आली."

कुणीतरी मागं हसलं आणि लगेच थांबलं. मास्तरानं संयोगिताची वही ओढून घेतली, पेन काढलं. "ठीक आहे. आता दहा आलं ना तिचं? दहा लिही, मी पैकीच्या पैकी मार्क देतो. अर्ज राहू दे. विषय संपला."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. बोलायचं ते माझं बोलून झालं होतं. हे तिचं होतं.

तिनं वही घेतली. तांबड्या रेघेखाली, तिच्या बारीक अक्षरात, लिहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. "बॅटरीचं पाणी, दहा. कॉलेजच्या नळाचं पाणी, साडेअकरा. दोन्ही रीडिंग बरोबर आहेत." आणि वही मास्तरापुढं सरकवली. "सर, सही."

बाहेर कुठल्यातरी तासाची घंटा झाली, पण एकही पोरगं हललं नाही. शेवटी त्यानं सही केली, लहानशी, कोपऱ्यात, जशी काही ती वही दुसऱ्याच कुणाची आहे. चुकलं, असं तो म्हणाला नाही. असली माणसं म्हणत नाहीत. आठ बायकांनाही कुणी म्हणालं नव्हतं.

कॅन मी तिथंच ठेवला. बिरदेवला म्हटलं, हे संपलं की रिकामा कॅन रिकामाच दिसू दे. तो अर्ज मी घरी आणला. त्याच्या पाठीवर संयोगितानं ट्रॅक्टरच्या बॅटरीला पाणी कधी घातलं ते लिहून भिंतीला लावलंय.

पुढच्या गुरुवारी घड दुसऱ्यांदा बुडवायला आले होते. मणी आता हरभऱ्याकडं चालले होते, मोकळे, एकमेकांत जागा ठेवून. संयोगिता संध्याकाळी आली, दप्तर बांधावर ठेवलं आणि मग उचलला.

"आज परयोग हुता ना?"

"हुता."

"पाणी?"

"आपला कॅन मंगळवारीच संपला. आज परत नळाचं." तिनं घड बुडवला, झटकला. "सरांनी फळ्यावर काय लिवलं न्हाई आज. साक्षीचं साडेअकरा आलं. श्रेयसचं अकरा पॉइंट चार. मागच्या बाकावरच्या त्या दोघांचं अकरा पॉइंट सात आन् अकरा पॉइंट सहा. कुणाचं कुणासारखं न्हाई."

"आन् मास्तर?"

"काय न्हाई बोलले. समद्यांच्या वहीवर सही केली."

मी पुढच्या वेलीला गेले. पान सारलं, घड मगात धरला, आणि बराच वेळ तसाच धरून राहिले, तेव्हा राणी पलीकडच्या ओळीतनं म्हणाली, "आत्याबाई, तुमी घड बुडवा."